खरेदीच्या तारखेपासून

६ एप्रिल, रविवार

ईदची सुट्टी संपली. आजपासून रोजनिशी. कारण साधं आहे. माझं मन सध्या शांत आहे, आणि शांत मनाची नोंद राहावी.

बाबा वजनमापं खात्यात होते. जन्मभर आमच्या झगाझीग शहराच्या बाजारातले तराजू तपासले. मी शाळेत जायच्या आधी त्यांनीच मला घरी शिकवलं. अपूर्णांक रव्याच्या गोड बसबूसाच्या ताटावर, दशांश साखरेच्या तराजूवर. बसबूसाचा एक अष्टमांश खाल्ला तर किती उरला हे सांगितल्याशिवाय दुसरा मिळायचा नाही. त्यांचा नियम एकच: आधी दिसलं ते लिहायचं, मग वाटलं ते.

दिसलं ते: कारखान्यात लुत्फीसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ऑगस्टपासून आमच्या मिक्सरच्या खोक्यावर 'पाच वर्षं गॅरंटी' छापायची आहे. आत्ता दोन आहे. मी चाचणी घेऊन जुलैच्या मध्यापर्यंत हो किंवा नाही सांगायचं. हो म्हटलं तर खोक्यावर माझं नाव आणि सही.

वाटलं ते: काही नाही. घरी येताना चुकीच्या थांब्यावर उतरले, पण ते ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून.

७ एप्रिल

संकल्प. (१) सुट्टीच्या दिवशी कारखान्यात जायचं नाही. (२) नखं खायची नाहीत. (३) बिघाड लपवायचा नाही, फुगवायचा नाही.

आई म्हणाली, चौथा लिही: जुलैत लग्न आहे हे विसरायचं नाही. म्हटलं, ते कसं विसरेन. तारीख विचारली तर एकदम आठवली नाही. चोवीस.

१० एप्रिल, गुरुवार

चाचणी सुरू. तीस मिक्सर भट्टीत ठेवले. भट्टी म्हणजे काचेच्या दाराची खोली, आत भयंकर उकाडा. वस्तू पाच वर्षं टिकेल का, हे बघायला पाच वर्षं थांबायला कुणाला वेळ आहे? म्हणून आमची विद्या. उष्णता वाढवायची, ताण वाढवायचा, वस्तूला घाईघाईनं म्हातारी करायची. ढोबळ नियम असा, की दर दहा अंशांनी म्हातारपण दुप्पट वेगानं येतं. मग कोणता मिक्सर केव्हा मेला याचे ठिपके आलेखावर मांडायचे. ठिपके सरळ रेषेत पडले की रेषा मागे ओढून घरगुती वापरातलं आयुष्य काढायचं. हे सगळं इतकं सुंदर आहे, की मला कधी कधी भरून येतं.

मिक्सरमध्ये भिजवलेले पावटे, ताआमियाच्या वड्यांसाठी वाटतात तसे. न थांबता. प्रयोगशाळेतल्या नग्लाताई म्हणाल्या, अगं इंजिनीयरबाई, इतके पावटे तर आमच्या अख्ख्या गल्लीनं सात जन्मांत वाटले नाहीत. मी म्हटलं, तोच तर मुद्दा आहे.

१३ एप्रिल

नग्लाताई थट्टा करतात, पण मनानं चांगल्या आहेत. आज विचारलं, तुझा हैसम कसा आहे? म्हटलं, उत्तम. साखरपुड्याला चार वर्षं झाली, तो कुवेतमध्ये रंगाच्या कंपनीत हिशेब बघतो, दर शुक्रवारी नमाजानंतर फोन करतो. चार वर्षांत एकही भांडण नाही. शून्य बिघाड.

नग्लाताई म्हणाल्या, बाई गं, न वापरलेली वस्तू बिघडेल कशाला?

संख्याशास्त्र न शिकलेल्या माणसांना असं वाटणं साहजिक आहे. वाईट वाटून घेतलं नाही. जेवले नाही, पण ते आंबट वांग्यामुळे.

१८ एप्रिल, शुक्रवार

हैसमचा फोन. तिकडे किती तापमान, इकडे किती. मी भट्टीचंही सांगितलं. त्यावर त्यानं कुवेतचं तापमान पुन्हा एकदा सांगितलं. बहुतेक प्रभावित झाला. मग लाइन कटली.

२१ एप्रिल, शम्म अल-नसीम

वसंताचा सण. सगळं गाव कालव्याकाठी खारवलेले मासे आणि कांदे घेऊन बसलं होतं. आम्हीही. मध्येच मी उठले. सहज. चालता चालता कंपनीची बस मिळाली. सुट्टीच्या दिवशीही पहारेकऱ्यांसाठी एक असते.

आत गेले नाही. संकल्प पाळला. खिडकीतून पाहिलं फक्त. तीसही फिरत होते. पहारेकरी म्हणाला, ताई, माशाचा वास येतोय तुमच्या हाताला, काचेवर ठेवू नका.

२८ एप्रिल

पहिला बिघाड. सतरा नंबरमधून धूर आला. काल धुळीचं वादळ होतं, वीज दोनदा गेली, आली ती दणक्यानं. म्हणजे दोष विजेचा, मिक्सरचा नव्हे. शास्त्रशुद्ध कारण असेल तर नमुना वगळता येतो. पुस्तकात आहे. वगळला.

संध्याकाळी जेवताना बाबांनी सहज विचारलं, किती उरले? म्हटलं, एकोणतीस चालू आहेत. मुलोखियाच्या पातळ भाजीचा चमचा हवेत धरून म्हणाले, मग तिसावा कुठे आहे? म्हटलं, तो मोजण्यात नाही. बाबा म्हणाले, असं का. आणि जेवत राहिले.

२९ एप्रिल

सतरा नंबर पुन्हा घेतला. बाबांमुळे नाही. आपल्या घरांमध्ये वीज अशीच जाते-येते, एवढाच विचार केला. रेषा किंचित झुकली, तरी पाच वर्षांच्या वर आहे. झोप छान लागली असती, पण डास होते.

४ मे

एक कल्पना. आईनं माझ्या रुखवताचं सामान पलंगाखाली रचून ठेवलंय. बारा-बारा टॉवेल, किटली, इस्त्री, काचेच्या कपाटात मांडायचे कप, आणि आमच्याच कंपनीचा मिक्सर. माझं कॉलेजचं पहिलं वर्ष होतं तेव्हाचा. तेव्हा हैसम कोण हेही माहीत नव्हतं. मी या कंपनीत लागेन हेही नाही. आईला मात्र मिक्सर लागेल हे माहीत होतं.

म्हटलं, जुना नमुना घरातच आहे, उघडून बघावा. आईनं दार अडवलं. म्हणाली, खोक्याची पट्टी फाटली की सासरच्या बायका म्हणतील, वापरलेला दिला. तुझ्या मावशीच्या इस्त्रीवर एक चट्टा होता, अजून ऐकून घेते ती. म्हटलं, आई, शास्त्रासाठी. म्हणाली, शास्त्राला सांग, लग्नानंतर ये.

हट्ट केला नाही. तसाही एकच नमुना. एका नमुन्यावरून काय कळणार? संख्याशास्त्राच्या दृष्टीनं शून्य किंमत.

११ मे

भट्टीवर विसंबून राहू नये, लोकांच्या घरात काय होतं तेही बघावं, असं माझं मत आहे. (लुत्फीसाहेबांचं नाही.) म्हणून सेवा केंद्राकडून मागच्या मॉडेलच्या तक्रारी मागवल्या. विक्रीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत तक्रारी जवळजवळ नाहीतच! इतका टिकाऊ मिक्सर जगात कुणी बनवत नसेल. दोन अश्रू आले. पावट्याच्या वाफेमुळे नव्हे.

केंद्रातल्या माणसाला फोनवर विचारलं, दोन वर्षांनंतरच्या तक्रारी? म्हणाला, गॅरंटी संपलेल्या आम्ही लिहून घेत नाही हो. बाया येतात, शिव्या देतात, जातात. म्हटलं, किती येतात? म्हणाला, शिव्या की बाया?

त्या माझ्या प्रश्नात बसत नाहीत. तरी पेन्सिलनं लिहून ठेवलं: शिव्या, संख्या अज्ञात.

२५ मे

चौदा मिक्सर मेले, सगळे शहाण्यासारखे, ठरल्या वेळी. ठिपके एका रेषेत, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या असलेल्या मुलींसारखे. रेषा म्हणते: साडेसहा वर्षं.

भांड्याखालचे रबरी वायसर उत्तम. ग्रीस मऊ. एकही चिकटला नाही. चिकटेल कसा? क्षणभर तरी थांबलाय का?

नखांबद्दल: उजव्या हाताची शाबूत. डावा हात नियंत्रण गट म्हणून ठेवलाय.

६ जून, ईद

मांस वाटण्यात दिवस गेला. हैसमचा फोन, लांबलचक, तब्बल दहा मिनिटं. विचारलं, नव्या घराच्या भिंतींना कोणता रंग? म्हटलं, तू रंगाच्या कंपनीत आहेस, तू सांग. म्हणाला, तुला आवडेल तो. म्हटलं, नाही, तुला. असं बराच वेळ चाललं. एकमेकांना किती समजून घेतो आम्ही. शेवटी भिंती तशाच राहिल्या.

१५ जून

लुत्फीसाहेब स्वतः भट्टीपाशी आले. म्हणाले, पाच होईल ना, बेटा? म्हटलं, साहेब, नव्वद टक्के खात्रीनं होईल. म्हणाले, खोक्यावर टक्के छापत नाहीत, हो की नाही ते सांग. म्हटलं, अजून दोन आठवडे. म्हणाले, छापखानेवाला माझा मेहुणा आहे. तुला सांभाळतो तसं त्यालाही सांभाळायचंय मला.

२२ जून

मध्येच विचार आला, काही राहिलं तर नाही? यादी केली. उष्णता, वीज, पावटे, धूळ, उंचावरून पडणं. (नग्लाताईंनी एक टेबलावरून पाडला. मुद्दाम, असं त्या म्हणतात.) सगळं झालं. घरात मिक्सरला आणखी काय काय होऊ शकतं? वापर. वापर. आणि वापर.

काही राहिलेलं नाही. यादी पुन्हा तपासली. पुन्हा.

२ जुलै, बुधवार

सही केली. पाच वर्षं.

पेन लिहीना. दुसरं पेन. तेही नाही. नग्लाताईंनी कानामागचं काढून दिलं. म्हणाल्या, लग्नाच्या करारावर तरी पटकन कर हो सही, मौलवी जेवायचे थांबतील.

बाबांना सांगितलं. त्यांनी कपाळाचं चुंबन घेतलं. म्हणाले, सगळं तराजूत घातलंस ना? म्हटलं, सगळं. बाबा माझ्याकडे पाहत राहिले. ते अभिमानानं.

९ जुलै

हैसम आला. विमानतळावर मी त्याच्याऐवजी दुसऱ्याच माणसाकडे बघून हात हलवला. दाढी वाढवलीये त्यानं. चार वर्षांच्या व्हिडिओ कॉलमध्ये तो फक्त कपाळ दाखवायचा. गाडीत तो इकडचं तापमान म्हणाला, मी तिकडचं विचारलं. एकाच जागी असल्यावर तापमान एकच असतं, हे आधी लक्षात आलं नव्हतं.

पहिल्या दिवसांत थोडी खरखर होतेच. नव्या यंत्रातही होते. नोंद घेण्यासारखं नाही.

१९ जुलै, शनिवार

आधी दिसलं ते लिहिते.

रुखवताची मिरवणूक. तीन टेम्पो, ढोल, पुढे मामेभाऊ नाचत. गाद्या, फ्रिज, टॉवेलांचे डोंगर, आणि मिक्सरचं खोकं माझ्या चुलतीच्या डोक्यावर. नव्या घरात सासरच्या बायका ओळीनं बसल्या होत्या. एकेक वस्तू उघडायची, हात लावून बघायची, वाहवा म्हणायची. माझ्या सासूबाई, इन्आम मावशी, मधोमध.

मिक्सरचं खोकं उघडलं. कोरा. आईचा चेहरा बघण्यासारखा. हैसमची आतेबहीण म्हणाली, नवरीच्या कंपनीचा ना हा? मग चालवूनच बघू, आंबे आहेत. आई म्हणाली, अगं नंतर, नंतर. मी म्हटलं, बघू दे ना आई, पाच वर्षं टिकतो तो. हे मीच म्हटलं. मोठ्यानं.

आंब्याच्या फोडी, दूध, साखर घातली. बटण दाबलं. मिक्सर हुंकारला. फिरला नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा हुंकार, मग जळका वास. आणि खालून आंब्याचा रस टेबलक्लॉथवर, तिथून इन्आम मावशींच्या नव्या अबायावर.

कुणीतरी म्हणालं, नवरीसारखाच आहे, पहिल्या दिवशी बोलत नाही. सगळ्या हसल्या. आई म्हणाली, नजर लागली. इन्आम मावशी म्हणाल्या, नजर नाही, आंबा लागलाय, फडकं आणा.

मी भांडं उलटं केलं. वायसर भांड्याला चिकटला होता. ओढला तर शिळ्या पावासारखा तुटला. दांड्यावरचं ग्रीस डिंकासारखं. मोटर फिरणार कशी? काही वापरच झाला नव्हता त्याचा. सहा उन्हाळे पलंगाखाली नुसता बसून म्हातारा झाला होता.

मग मी काय केलं, ते लिहिताना जरा अवघड वाटतंय. जमलेल्या बायकांना हात वर करायला लावले. ज्यांच्या घरी आमचा मिक्सर आहे त्यांनी. बहुतेक सगळ्यांनी केले. विचारलं, आईनं केव्हा घेतला होता? दहावीत असताना. पाळी आली त्या वर्षी. माझा तर मी चौथीत होते तेव्हाचा, सेल लागला होता. विचारलं, खोकं उघडलं केव्हा? लग्नानंतर. लग्नानंतर. उघडायचाय अजून, आधी बहिणीचा वापरतेय. आतेबहीण म्हणाली, माझा दुसऱ्याच दिवशी बंद पडला. दुकानात नेला तर म्हणे गॅरंटी केव्हाच संपली. एवढं भांडले मी! म्हणजे शिव्यांपैकी एक ही.

इन्आम मावशींनी हैसमला विचारलं, ही नेहमी अशीच असते का रे? हैसम म्हणाला, मला काय माहीत.

वाटलं ते: पहिल्या दोन वर्षांत तक्रारी का नाहीत, ते कळलं. खोकी बंद होती. आणि भट्टीत मी मिक्सरला सगळं केलं, फक्त स्वस्थ बसू दिलं नाही. जो सारखा फिरत होता तो चिकटला नाही. आता त्या रेषेला कोण विचारतो?

सही. माझी सही.

२० जुलै

शांत आहे. चूक लवकर सापडली, छपाई पहिल्या तारखेला. उद्या लुत्फीसाहेबांना सगळं सांगायचं. पाच खोडायचं. नोकरी गेली तरी चालेल. आरशासमोर सराव केला. आई म्हणाली, लग्न चार दिवसांवर आलंय आणि ही स्वतःलाच राजीनामा देतेय.

२१ जुलै, सोमवार

सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. आंबासुद्धा.

लुत्फीसाहेबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, आपले मिक्सर घेतात त्यात मुलींच्या आया किती? म्हटलं, निम्म्याहून जास्त, निदान. मग विचारलं, आणि खोकं उघडतात लग्नानंतर? म्हटलं, हो साहेब, तेच सांगतेय, सात-आठ वर्षांनी, तोवर वायसर... ते म्हणाले, वायसर राहू दे. गॅरंटी कुठपासून मोजतो आपण?

म्हटलं, खरेदीच्या तारखेपासून.

ते खुर्चीतून उठले. मला वाटलं, आता संपलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, बेटा, अल्ला तुझ्या बापाचं भलं करो, तीन महिने पावटे वाटलेस आणि हे आता सांगतेस? मग पाच कशाला? सात छाप! कोण येणार आहे सात वर्षांच्या आत?

मी म्हटलं, पण साहेब, हे बरोबर नाही. निदान खोक्यावर एक ओळ तरी घालू: आणल्यावर लगेच उघडून वापरा. ते म्हणाले, उघडलेला मिक्सर तुझ्या आईनं घेतला असता रुखवतात? म्हटलं, नाही. खोटं बोलायचं नाही असं आमच्या घरचं आहे.

म्हटलं, मग माझं नाव काढा. म्हणाले, लग्नाचे दिवस आहेत, डोकं तापलंय तुझं, नंतर बोलू. आणि मेहुण्याला फोन लावला.

संकल्प: लग्नानंतर लगेच सविस्तर पत्र. वायसरसकट.

२४ जुलै, गुरुवार

लग्न. सही पहिल्याच पेनानं झाली. नग्लाताईंनी इतका मोठा आनंदाचा चीत्कार केला, की मौलवींचा हात हलला.

२७ जुलै

पहिलं भांडण. पंख्यावरून. त्याला तीनवर लागतो, मला एकवर. अर्धा तास. मग त्यानं विचारलं, तू नेहमी अशीच असतेस का? म्हटलं, मला काय माहीत. दोघंही हसलो. पंखा दोनवर.

चार वर्षांचा शून्य बिघाडांचा विक्रम मोडला. का कोण जाणे, बरं वाटलं. पत्र उद्या लिहिते.

३१ जुलै

पत्र लिहायला बसले होते. तेवढ्यात कंपनीचा माणूस आहेर घेऊन आला. लुत्फीसाहेबांकडून नवविवाहित दांपत्यास. मिक्सर. नवं खोकं, पहिल्या तारखेआधीच छापलेलं, छपाईचा वासही गेला नव्हता. 'सात वर्षं गॅरंटी.' खाली माझं नाव, सही. सही सुबक आली आहे, हे कबूल करायला हवं.

आई आणि इन्आम मावशी दोघी चहाला आल्या होत्या. रुखवताच्या मिक्सरला मी नवा वायसर बसवलाय, ग्रीस बदललं, छान चालतो. म्हटलं, पण हा आताच उघडू या. आजच. दाखवते तुम्हाला, वापरला तरच टिकतो.

कात्री घेतली. दोघी एकदम उठल्या. लग्न ठरल्यापासून पहिल्यांदाच दोघींचं एकमत झालेलं मी पाहिलं. आई म्हणाली, वेडी का तू? एक चालतोय ना? इन्आम मावशी म्हणाल्या, नवा कोरा, सात वर्षांचा, राहू दे. उद्या मुलगी झाली तर तिला होईल.

सगळं समजावून सांगितलं. वायसर, ग्रीस, उन्हाळे, रेषा. दोघींनी प्रेमानं ऐकलं. आईनं कात्री हातातून काढून घेतली. हैसमनं स्टुलावर चढून खोकं कपाटावर ठेवलं, भिंतीला लावून, म्हणजे पडायचं नाही.

पत्र अर्धंच राहिलं.

मग स्टुलावर चढून खोक्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहिलं: चाचणी सुरू, ३१ जुलै. नमुने: एक. तापमान: घरातलं. पंखा दोनवर.